ग्रँड ज्युरीने सल्ला कुणाला विचारावा: काउंटीच्या वकिलाला की न्यायाधीशांना?

कॅलिफोर्नियात सिव्हिल ग्रँड ज्युरीवर बहुतेक काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) १९ साधे नागरिक असतात. वर्षभर ते स्थानिक कारभार तपासतात. कायद्याचा पेच पडला की काउंटीचा वकील हाताशी असतो, नियम त्याला तोंडपाठ. पण चौकशी त्याच्याच अशिलाची, म्हणजे काउंटीचा कारभार चालवणाऱ्या मंडळाची असेल तर? तिथे मी तरी जपूनच विचारीन.

न्यायाधीशांना असा अशील नसतो. मात्र सल्ला मागितल्याशिवाय ते ज्युरीच्या बैठकीत बसू शकत नाहीत. ज्युरीचा चौकशी अहवाल आधी त्यांच्यापुढे जातो. तो कायद्याच्या चौकटीबाहेर गेला तरच अडवायचा, मत पटलं नाही म्हणून नाही, हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच ठरवलंय. पुढे मंडळाला ९० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, तेही न्यायाधीशांनाच.