कार्डिगन की पुलओव्हर? पुण्या-नाशिकच्या थंडीसाठी

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे पारा १०-१२ अंशांवर असतो आणि दुपारी २८-३० वर. नाशिककडे, त्यातही निफाडला, पहाट आणखी बोचरी. मुंबईत पारा १५ च्या खाली उतरला तर त्याची बातमी होते. म्हणजे आपल्याकडे लोकरीचा कपडा सकाळी दोन-तीन तास अंगावर आणि बाकीचा दिवस खुर्चीच्या पाठीवर. म्हणून स्वेटर घेताना ऊब किती, हे मी नंतर बघते. आधी बघते तो काढायला किती सोपा आणि काढल्यावर पिशवीत मावतो का.

या कसोटीवर कार्डिगन, म्हणजे पुढून बटणांनी उघडणारा स्वेटर, डोक्यावरून घालायच्या पुलओव्हरच्या पुढे जातं. ओढणी, अंबाडा, गजरा, चष्मा, कशालाही धक्का न लावता ते उतरतं. कुर्त्यावर तर त्याला पर्यायच नाही. पुलओव्हर कुर्त्यावर घातला की छापाचा वरचा भाग झाकला जातो, खाली नुसता घेर उरतो आणि ओढणी कुठे घ्यायची हा प्रश्न पडतो तो वेगळाच. कार्डिगनच्या मधून निदान गळ्यापासून खालपर्यंत छापाची एक उभी पट्टी दिसत राहते.

फक्त लांबी नीट बघून घ्या. कुर्त्यावर कार्डिगन एकतर कमरेशी संपावं, नाहीतर कुर्त्याच्या जवळजवळ बरोबरीने यावं. मांडीच्या मध्यावर थांबलेलं कार्डिगन आणि गुडघ्याशी थांबलेला कुर्ता अशा दोन आडव्या रेघा आल्या की बुटकी बाई आणखी बुटकी दिसते. हे माझ्या उंचीच्या बायकांनी तरी लक्षात ठेवावं. दुसरी अडचण बाह्यांची. कुर्त्याच्या बाह्या सैल असतील तर त्या आत गोळा होऊन दंडावर वळकटी येते. अशा कुर्त्यावर शाल किंवा स्टोल बरा. साडीवर कमरेपर्यंतचं कार्डिगन चालतं, पण ठेवणीतल्या साडीवर शालीची शोभा त्याला येत नाही.

पुलओव्हरची बाजू दोन ठिकाणी भक्कम आहे. एक म्हणजे जीन्स आणि शर्ट. शर्टाची कॉलर वर काढली की झालं, तिथे कार्डिगन उगाच बटणांचा पसारा वाटतो. दुसरं म्हणजे साडीवर ब्लाउजऐवजी बारीक विणीचा गळाबंद पुलओव्हर. सुती साडी, इरकल, खादी यांवर तो छान बसतो. इरकलीचा पदर बहुधा लाल-पांढरा असतो, त्याखाली काळा किंवा गडद लाल गळाबंद घातला तर वेगळी ऊबही लागत नाही. पैठणीखाली मात्र नको, जरीचे धागे लोकरीत अडकतात.

पुरुषांसाठी मला वाटतं भांडण या दोघांचं नाहीच. शर्टावर व्ही गळ्याचा हाफ स्वेटर घ्यावा: छाती झाकलेली, हात मोकळे, दुपारी काढला नाही तरी चालतं. सकाळी फिरायला निघालेले आजोबा हाफ स्वेटर-कानटोपी घालतात ते उगाच नाही. तरुणांनी कानटोपी वगळावी, इतकंच.

दुचाकीवाल्यांसाठी एक खुलासा. विणलेल्या कपड्यात भोकं असतात. ऊब धरते ती त्यात अडकलेली हवा, आणि वेगात जाताना वारा नेमकी तीच हवा उडवून लावतो. त्यामुळे सकाळी सातला गाडीवर निघणाऱ्यांना कितीही जाड स्वेटर अपुरा. वर पातळ विंडचीटर हवाच. त्याखाली पुलओव्हर उजवा, कारण दोन बटणांमधल्या फटी त्याला नसतात.

आता धागा. रस्त्याकडेच्या तिबेटी विक्रेत्यांकडे आणि बाजारात मिळणारा बराचसा माल लुधियानाचा, आणि त्यात ॲक्रिलिक भरपूर. ॲक्रिलिक हलकं, स्वस्त, रंगाला झगझगीत, धुवायला निर्धास्त. त्याची खोड अशी की ते बाष्प शोषतच नाही म्हटलं तरी चालेल. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प ओली न वाटता धरते. ॲक्रिलिक एक-दोन टक्के. थंड प्रदेशात याने फारसं बिघडत नाही, पण पुण्यात अकरा वाजले की काखेत फरक कळतो. शिवाय काखेत आणि कोपरावर त्याचे गोळे धरतात, आणि डोक्यावरून काढताना केस उभे राहतात.

मेरिनो लोकरीचा तंतू बारीक, साधारण २४ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतला, म्हणून ती टोचत नाही. किंमत मात्र ॲक्रिलिकच्या कितीतरी पट. सुती विणीचा स्वेटर मुंबई, कोकण, गोव्यासाठी पुरे. अंगाला छान, पण जड, वाळायला वेळ घेणारा आणि काही धुण्यांनंतर कोपर-घेरात ओघळणारा. पुण्या-नाशिकला मी लोकर-ॲक्रिलिक मिश्रण घेईन, तेही बारीक विणीचं. दुकानदार १२ गेज म्हणतात ते बारीक. ५ गेज म्हणजे जाडजूड. घेताना मनगटाची पट्टी ताणून सोडा. लगेच मिटली नाही तर स्वेटर दुकानातच ठेवून द्या.

रंगाचा निर्णय स्वेटरकडे बघून होत नाही, कपाटाकडे बघून होतो. कपाटात अजरख, दाबू, बगरू असे ठशांचे छाप किंवा विणतानाच नक्षी येणारं इकत असेल तर स्वेटर एकरंगीच हवा. आणि तो छापाच्या जमिनीच्या रंगाचा नको, छापातल्या दुसऱ्या रंगाचा घ्यावा. निळ्या अजरखवर निळा स्वेटर कधीच जुळत नाही. नैसर्गिक नीळ धुण्यागणिक फिकी होते, स्वेटरचा निळा तसाच राहतो आणि दोघं शेजारी विजोड दिसतात. त्याच अजरखमधला विटकरी किंवा सायीचा रंग उचलला तर दोन्ही खुलतात.

सायीचा रंग सगळ्यावर जातो, पण मानेपाशी तेलकट होतो. केसांना तेल लावणाऱ्यांनी विचार करावा. फिका राखाडी सुरक्षित म्हणून घेतला जातो, पण सावळ्या चेहऱ्याजवळ तो मला निस्तेज वाटतो. घ्यायचाच तर कोळशासारखा गडद घ्या. काळा संक्रांतीच्या काळ्या साडीत हरवून जातो, शिवाय त्यावर प्रत्येक तूस दिसते. त्या दिवशी डाळिंबी बघा. मोहरी रंग निळ्यावर आणि शेवाळीवर सुरेख, लालवर भडक. एकच घ्यायचा असेल तर माझं मत आमसुलीला: निळा, मोहरी, हिरवा, पांढरा, सगळ्यांशी पटतं आणि धूळ दिसत नाही. रंग दुकानाच्या दाराशी, उजेडात बघा.

नक्षीदार स्वेटरचा मोह साध्या कपड्यांच्या लोकांनी करावा. स्कॉटलंडची फेअर आयल नक्षी देखणी. ब्रिटनच्या तेव्हाच्या युवराजाने, म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्सने, १९२२ मध्ये गोल्फ खेळताना घातली आणि ती फॅशनमध्ये आली. पण या विणीत एका ओळीत दोन रंग चालतात आणि जो रंग पुढे नसतो त्याचा धागा मागून जातो. म्हणजे कापड जवळजवळ दुहेरी. वेणीच्या विणीतही लोकर जास्त जाते. पुण्यात दुपारी दोन्ही नकोसे होतात. आडव्या पट्ट्यांना असा जाडपणा नसतो, आणि एक रंग सामायिक असेल तर बारीक बुट्टीच्या कुर्त्यावरही त्या खपतात. मोठ्या कलमकारीवर नाही.

काहीही घेतलंत तरी हँगरला टांगू नका, खांदे लोंबतात. धुतल्यावर पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि आडवं वाळवायचं. फेब्रुवारीनंतर ॲक्रिलिक नुसती घडी घालून ठेवलं तरी चालतं, कसर ते खात नाही. लोकरीला कसर लागते, म्हणून ती धुऊन, कडक वाळवून, कडुनिंबाचा पाला किंवा डांबराच्या गोळ्या कापडात बांधून सोबत ठेवा. पावसाळ्यात उघडीप मिळाली की एकदा बाहेर काढून झटका.