दहा वर्षांच्या मुलीला काय द्यावं : कीपॅड फोन, जीपीएस घड्याळ की आपलाच जुना स्मार्टफोन?

आमच्या घरात एक खण फक्त वायरींचा आहे. त्यात मायक्रो यूएसबी आहेत, टाइप-सी आहेत, कधीच विकून टाकलेल्या कॅमेऱ्याचीही एक आहे. घरात माझी जी काही ख्याती आहे ती या खणामुळेच. त्यामुळे मुलगी पाचवीत गेली, शाळेची व्हॅन बंद झाली आणि ती शाळेतून थेट स्केटिंगला, तिथून चालत गणिताच्या क्लासला जाऊ लागली, तेव्हा तिच्याजवळ संपर्काला काय असावं हे ठरवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. बायको म्हणाली, "साधा फोन दे की." मी म्हणालो, "थांब, जरा बघतो."

हे 'जरा बघणं' दीड वर्ष चाललं. त्यात आधी माझा जुना स्मार्टफोन, मग जीपीएसचं घड्याळ आणि शेवटी कीपॅड फोन, असे तिन्ही प्रकार त्याच मुलीने, पुण्यातल्या त्याच रस्त्यावर वापरून झाले. कुणी आता याच घोळात असेल तर त्याचं दीड वर्ष वाचावं, म्हणून हे लिहितोय.

सिमचं आधी बघा

तिन्हींपैकी काहीही घ्या, आधी नेटवर्क बघा. जिओचं जाळं पहिल्यापासून ४जी आणि त्यापुढचं. २जी त्यांच्याकडे कधी नव्हतंच. आजीचा दहा वर्षांपूर्वीचा कीपॅड फोन कितीही ठणठणीत असला तरी जिओचं सिम घातल्यावर त्याचा उपयोग टॉर्चपुरताच. लहान मुलांच्या स्वस्त घड्याळांतही अजून २जीवाली बरीच दिसतात. खोक्यावर '४जी' छापलेलं असलं तरी खुश होऊ नका. व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच कॉल लावायची सोय, चालतं का ते विचारा. ते नसेल तर जिओवर नेट चालेल, घड्याळ नकाशात दिसेल, पण कॉल जाणार नाही. आणि आपण ते घेतो कॉलसाठीच.

सिम मुलांच्या नावावर मिळत नाही, १८ वर्षं पूर्ण लागतात. ते आपल्याच नावावर निघतं आणि आपल्या नऊ सिमच्या मर्यादेत मोजलं जातं. घरात आई-वडिलांची, राउटरची, गाडीतल्या ट्रॅकरची सिमं आपल्याच नावावर असली तर एकदा सरकारच्या संचार साथी पोर्टलवर मोजून घ्या. माझ्या नावावर सहा निघाली. त्यातलं एक कशात आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

जीपीएस घड्याळ : बापाला आवडतं, म्हणून जपून

हे मी सर्वात हौसेने घेतलं. बेचाळीसशे रुपये. गुलाबी पट्टा, एसओएसचं बटण, कॅमेरा, दहा नंबरांपलीकडचा कॉल आत येऊ न देण्याची सोय. ही शेवटची सोय खरंच उत्तम आहे आणि ती इतर दोघांकडे इतकी सहज मिळत नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

पहिल्या आठवड्यात ऑफिसातून दर वीस मिनिटांनी नकाशा उघडत होतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी मुठेच्या पात्रात दिसली. पुलावर नाही, पात्रात. फोन केला तर ती क्लासमध्ये अपूर्णांक सोडवत बसलेली. झालं असं की काँक्रीटच्या इमारतीत उपग्रहाचा सिग्नल पोचत नाही. मग घड्याळ आजूबाजूच्या वायफायवरून, नाहीतर मोबाइलच्या टॉवरवरून अंदाज बांधतं. टॉवरवरचा अंदाज काहीशे मीटर सहज चुकतो. ॲप मात्र तोच ठळक ठिपका तितक्याच आत्मविश्वासाने दाखवतं. तुमचं मूल बहुतेक वेळ इमारतींच्या आत असणार, तेव्हा 'लाइव्ह लोकेशन' या दोन शब्दांसाठी किती पैसे मोजायचे ते यावरून ठरवा.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. अशा बऱ्याच घड्याळांत 'मॉनिटर' नावाची सोय असते. बाप ॲपमधून बटण दाबतो, घड्याळ न वाजता त्याला उलट फोन लावतं आणि आजूबाजूचं सगळं ऐकू येतं. मी एकदा दाबलं. क्लासच्या बाई एका मुलाला रागावत होत्या. मला लाज वाटली आणि मी ती सोय बंद केली. पुढे कळलं की जर्मनीच्या दूरसंचार नियामकाने नोव्हेंबर २०१७ मध्ये ऐकण्याची सोय असलेल्या मुलांच्या घड्याळांवर सरळ बंदीच घातली होती, आणि पालक वर्गातल्या शिक्षकांचं बोलणं ऐकतात हे एक कारण त्यात दिलं होतं. त्याच्या महिनाभर आधी नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने अशी घड्याळं तपासून, परका माणूसही त्यांचा ताबा घेऊ शकतो, असं दाखवलं होतं. ठिपका तुम्हाला दिसतो तसा तो आणखी कुठल्या सर्व्हरवर साठतो हे स्वस्त घड्याळाच्या खोक्यावर लिहिलेलं नसतं. नुसत्या ब्लूटूथवर चालणाऱ्या घड्याळाला हा धोका कमी, पण त्याचा इथे उपयोगही नाही.

तिसरी गोष्ट चार्जिंग. रोज रात्री चार्ज करावंच लागतं. पिनवर चिकटणारा तो चुंबकी चार्जर दुसऱ्या कशालाच चालत नाही. पट्ट्याखाली घाम जाऊन त्या पिना चार महिन्यांत हिरव्या पडल्या. नवीन चार्जर मागवला तर तो 'आउट ऑफ स्टॉक'. घड्याळ सर्व्हिस सेंटरला नेलं तर तिथल्या पोराने भिंगातून बघून 'लिक्विड डॅमेज' लिहून दिलं. खोक्यावर आयपी६७ छापलेलं. त्याचा अर्थ धूळ आत जाणार नाही आणि एक मीटर साध्या पाण्यात अर्धा तास तग धरेल. साबण, गरम पाणी, पोहण्याचा तलाव यांचं त्यात काही वचन नाही. पण आमचं घड्याळ तलावात गेलं नव्हतं, मुलीने हात धुतले होते.

मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ती मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. मात्र ही हेल्पलाइन हुकूम सोडत नाही. तक्रार कंपनीपर्यंत पोचवते आणि उत्तर मागते. पाच आठवड्यांनी कंपनीकडून पार्सल आलं. आत नवीन पट्टा होता. निळा. त्याच्या वरची पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तिथे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मी गेलो नाही. बेचाळीसशेसाठी किती रजा टाकायच्या हा हिशेब कंपन्यांनी आपल्याआधी केलेला असतो. तरी बिल, खोक्याचा फोटो आणि सर्व्हिस सेंटरची जॉब शीट, म्हणजे वस्तू घेताना ते बिघाड लिहून देतात तो कागद, जपून ठेवा. जॉब शीट देत नसतील तर मागून घ्या, कारण नंतर सगळं त्या कागदावर येतं.

जुना स्मार्टफोन : फुकट दिसतो, फुकट नसतो

खणातला फोन, पुण्यातल्या पासोड्या विठोबापाशी नवी बॅटरी घालून घेतली, वर मुलांचा फोन पालकांच्या हातात ठेवणारं गुगलचं फॅमिली लिंक हे ॲप. घरबसल्या सगळं जमेल असं वाटतं आणि बरंचसं जमतंही. तेरा वर्षांखालच्या मुलाचं खातं काढून देता येतं. कुठलं ॲप टाकायचं ते आपल्याला विचारून, दिवसाला किती वेळ ते आपण ठरवून, रात्री नऊला फोन लॉक. लॉक असतानाही आलेला कॉल घेता येतो, म्हणजे मुख्य काम अडत नाही. नकाशावरचा ठिपकाही घड्याळापेक्षा बरा, फक्त फोनवर नेट चालू हवं.

सुरुवातीलाच एक चूक टाळा. जुना फोन रीसेट करण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन आपलं गुगल खातं काढून टाका. मी बाजूची बटणं दाबून थेट रीसेट मारला. सुरू झाल्यावर फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसला. चोरीचा फोन दुसऱ्याला वापरता येऊ नये म्हणून असलेलं हे कुलूप आहे, आणि त्या दिवशी चोर मी होतो. ते खातं कधीतरी वडिलांसाठी मीच काढलेलं. पासवर्ड त्यांच्या जुन्या डायरीत निघाला, तोपर्यंत संध्याकाळ गेली.

खरा खर्च मात्र पैशांचा नाही. मी मीटिंगमध्ये असताना सूचना यायची : वेळ वाढवून हवाय. पंधरा मिनिटं. नकार दिला की फोन यायचा, "बाबा, फक्त हा एक व्हिडिओ." दिवसाला चार वेळा 'नाही' म्हणण्याचं काम मी स्वतःला लावून घेतलं होतं. शिवाय वर्गातल्या सगळ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे म्हणून तेही हवं. व्हॉट्सॲपची स्वतःचीच वयाची अट १३ ची आहे, हे सांगून मी थोडे दिवस टिकलो. 'मग सगळ्यांच्या घरी चालतं ते?' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथे २०२२ साली संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायला सुरुवात झाली. आमच्या घरी ही बातमी वाचून दाखवल्यावर मुलगी म्हणाली, "मग तुझापण बंद." फॅमिली लिंक फक्त मुलीचा फोन बंद करतं. भोंगा बापाचाही करतो.

आणि फोन जुना आहे हे विसरू नका. काही वर्षांनी सुरक्षेचे अपडेट थांबलेले असतात. त्या फोनवर आपली बँक किंवा आपलं मुख्य ईमेल शिल्लक राहू देऊ नका. पाठीमागचं झाकण किंचित जरी उचललेलं दिसलं तर बॅटरी फुगलेली आहे. तो फोन त्याच दिवशी बाजूला.

कीपॅड फोन

याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, हाच त्याचा गुण. ४जी, व्होल्टी असलेला घ्या, साधारण दोन हजारांच्या आत-बाहेर मिळतो. २ दाबून धरलं की बाबा, ३ दाबून धरलं की आई. चार्जिंग आठवड्यातून एकदा-दोनदा. जिन्यावरून पडला, झाकण एकीकडे, बॅटरी दुसरीकडे, जोडला, चालू. शाळेनेही दप्तरात बंद करून ठेवायला परवानगी दिली. घड्याळाला सरळ नाही म्हणाले होते. तुमच्या शाळेचा नियम खरेदीच्या आधी विचारा, मी नंतर विचारला.

तोटे आहेत. ठिपका नाही, तेव्हा ती कुठे आहे हे तिला विचारावं लागतं. अनोळखी कॉल अडवण्याची धड सोय बहुतेकांत नसते. दुसऱ्याच दिवशी एका बाईंनी आमच्या पाचवीतल्या मुलीला पर्सनल लोन देऊ केलं, आणि तिने "व्याज किती?" असं विचारलं. १९०९ वर डीएनडी (जाहिरातींचे कॉल नकोत अशी नोंद) लावल्यावर हे कमी झालं, थांबलं नाही. आणि कीपॅड आहे म्हणजे फोन साधा असेलच असं धरू नका, काहींत यूट्यूबसुद्धा असतं. दुकानात मेनू शेवटपर्यंत फिरवून बघा.

रिचार्जमध्ये हा फोन सरळ जिंकतो. ट्राय या आपल्या दूरसंचार नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला की कंपन्यांनी नुसत्या कॉल-एसएमएसचे प्लॅन द्यावेत. जानेवारी २०२५ मध्ये ८४ दिवसांचे असे प्लॅन ४४८ ते ४७० रुपयांना आले, म्हणजे महिन्याला दीडशेपेक्षा थोडं जास्त. दर बदलत राहतात आणि ॲपमध्ये हे प्लॅन वर दिसत नाहीत, खाली शोधावे लागतात. घड्याळाला आणि स्मार्टफोनला हे चालत नाहीत, कारण त्यांना डेटा लागतोच.

मग काय घ्यावं

मूल आठ ते अकराचं असेल आणि "पोचले", "सुटला क्लास", "खाली उभी आहे" एवढंच हवं असेल तर कीपॅड फोन. माझ्या मते यात वाद नाही. घड्याळ मी एकाच परिस्थितीत सुचवीन : मूल लहान आहे, फोन हमखास हरवतं किंवा स्वतःहून नंबर लावू शकत नाही, आणि शाळेची हरकत नाही. तेव्हाही महागातलं, सर्व्हिस सेंटर आपल्या शहरात असलेलं घ्या, आणि 'मॉनिटर' बंद करता येतं का ते आधी बघा. स्मार्टफोन सातवी-आठवीपर्यंत लांबवता आला तर लांबवा. बसचं वेळापत्रक, शाळेचं ॲप अशी खरी कामं तेव्हा असतात, आणि फॅमिली लिंकचा उपयोगही तेव्हाच जास्त होतो.

मी उलट क्रमाने गेलो, कारण मला घ्यायला मजा येईल ते मी आधी घेतलं. बायकोने दीड वर्षात हे एकदाही बोलून दाखवलं नाही. फक्त कीपॅड फोनचं खोकं उघडताना म्हणाली, "याच्यात तुला खेळायला काही नाही रे."

घेताना आपलंच चालू सिम बरोबर न्या. दुकानात घालून एक कॉल करा, मग रस्त्यावर येऊन दुसरा. बिल द्यायच्या आधी *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, खोक्यावरच्याशी जुळवा, आणि १४४२२ वर इंग्रजीत KYM लिहून पुढे तो नंबर एसएमएसने पाठवून फोन अस्सल आहे का ते बघा. घड्याळ असेल तर चार्जर वेगळा विकत मिळतो का ते विचारा. "मिळतो ना साहेब" असं उत्तर आलं तर म्हणा, आत्ताच एक द्या.