चवथीआधी ग्रास कटर दुरुस्तीला देताय? आधी सायलेन्सर खोलून बघा

चवथ (गणेश चतुर्थी) पंधरा दिवसांवर आली की गोव्यात अंगणातलं गवत काढायला ग्रास कटर बाहेर निघतो, आणि नेमका तेव्हाच तो सुरू होत नाही. दुरुस्तीवाल्याकडे रांग, गिऱ्हाईक घायकुतीला आलेलं. डिचोलीकडच्या एका कुळागरवाल्याला (सुपारी-नारळाच्या बागेच्या मालकाला) अशाच घाईत "पिस्टन सीझ झालाय, सिलिंडर किट घालावा लागेल" असं सांगून, म्हणजे पिस्टन घासून अडकलाय, नवा पिस्टन-सिलिंडर लागेल म्हणून, ३,८०० रुपये घेतले. मशीन चालू झालं. जुना पिस्टन मागितला तर म्हणे भंगारात गेला. नंतर सायलेन्सर काढून पाहिलं, तर पिस्टनच्या माथ्यावर जुनाच काळा कार्बन, आणि सिलिंडरच्या बोल्टांच्या खाचांत गेल्या वर्षीच्या गवताचा वाळलेला लगदा. त्या बोल्टांना पाना लागलाच नव्हता. कार्बोरेटर धुतला आणि ताजं पेट्रोल भरलं, एवढंच काम झालं होतं.

मूळ दुखणं टाकीत वर्षभर राहिलेल्या पेट्रोलचं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात पाण्याला काय तोटा! पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाण्याचा थर तळाशी बसतो. पेट्रोलात मिसळलेलं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं वंगण) वरच्या पेट्रोलात राहतं. फिल्टर तळाशीच असल्यामुळे इंजिनाला आधी हा बिनतेलाचा थर मिळतो. कार्बोरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल उडून चिकट राळ बनते, बारीक जाळी बुजते, डायफ्रॅम (आतला पातळ पडदा) कडक होतो.

म्हणून मशीन देण्याआधी पेट्रोल आणि टू-टी ऑइलचं ताजं मिश्रण भरा. कार्बोरेटरजवळचा रबरी फुगा ७-८ वेळा दाबा, चोक लावून ५-६ वेळा दोरी ओढा आणि प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही: फिल्टर, नळी, कार्बोरेटर बघा. ओला असेल तर स्विच बंद ठेवून, चोक काढून, प्लगविना दहा वेळा दोरी ओढा, मग प्लग पुसून बसवा. आता दोरी सावकाश ओढा. मध्येच नीट अडत असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आहे. तरीही सीझची शंका असेल तर इंजिन थंड असताना सायलेन्सरचे दोन बोल्ट काढून आत टॉर्च मारा. सीझ झालेल्या पिस्टनच्या बाजूवर उभे ओरखडे दिसतात. गुळगुळीत असेल तर किटचा विषय तिथंच संपला.

मिश्रणाचं प्रमाण मशीनच्या पुस्तिकेतलंच घ्या: २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली ऑइल, ५०:१ म्हणजे २० मिली. "अंदाजे टोपणभर" सांगणाऱ्यापासून लांबच राहा. खराखुरा सीझ तिथूनच होतो.

नवं घेताना ५२ सीसीच्या स्टिकरवरही जाऊ नका, आतलं इंजिन खरंच तेवढं आहे का ते नंबरावरून बघा. या चिनी इंजिनांच्या नंबरात पिस्टनचा व्यास असतो: १ई४४एफ म्हणजे ४४ मिमी, ५२ सीसी, १ई४०एफ-५ म्हणजे ४० मिमी, ४३ सीसी. बिलावर हा नंबर लिहून घ्या. दुरुस्तीला देताना जुना भाग परत हवा हे आधीच सांगा, आणि नव्या पिस्टनची पेटी आपल्यासमोर फोडायला लावा.

काम संपलं की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.