होमर कबुतरांची पिल्लं: पहिल्याच हंगामात लांब शर्यत की जवळचाच सराव?

होमर म्हणजे लांब नेऊन सोडलं तरी आपल्या खुराड्यावर परतणारं शर्यतीचं कबुतर. लांज्याच्या एका पोराचा प्रश्न आहे: यंदाची पिल्लं पनवेलहून सोडू, की चिपळूणपुढे न्यायचीच नाहीत? पनवेल सरळ रेषेत साधारण २४० किमी, चिपळूण पाऊणशे.

हरवण्याचा धोका पनवेलला उघडच जास्त. वाटेत डोंगर, सकाळचं धुकं, कड्यांवरचे शाहीन ससाणे. चिपळूणहून चुकलेलं पिल्लू संध्याकाळपर्यंत किंवा दुसऱ्या दिवशी तरी खुराड्यावर येण्याची आशा असते.

मला खरी काळजी पिसांची. पंखातली मोठी १० पिसं पहिल्या वर्षी आतून बाहेर एकेक करून बदलतात. पंख उघडून बघ: नव्या पिसाचं बूड निळसर, रक्ताने भरलेलं दिसलं तर ते अजून वाढतंय. अशा वेळी खाल्लेलं सगळं पिसं घडवण्यात जातं. त्यात लांब पल्ला लादला, उपास घडला, तर पिसावर आडवी रेघ उमटते आणि ते तिथेच मोडू शकतं. वर्षभर तसंच उडावं लागतं.

पारख मात्र लांब शर्यतीत लवकर होते, हे कबूल. पण उशिरा तयार होणारं, चांगल्या वंशाचं पिल्लूही त्यात हरवतं.

खर्च चिपळूणचा कमी, पण फेऱ्या जास्त.

पिल्लं देणाऱ्या जोड्या भरपूर असतील, पिल्लांच्याच शर्यती जिंकायच्या असतील आणि पिसं पुरी आली असतील, तर टप्प्याटप्प्याने पनवेल गाठ. चार-पाचच पिल्लं असतील आणि तिसऱ्या वर्षी ५०० किमीचा पक्षी हवा असेल, तर यंदा चिपळूणच.