ब्रिटनचा स्पाउस व्हिसा: फॉर्म सोपा, कागदांची परीक्षा कडक

ब्रिटिश नागरिक किंवा आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी) मिळालेली व्यक्ती आपल्या नवऱ्याला किंवा बायकोला कायम राहायला नेते, त्या व्हिसाचं हे परीक्षण. स्किल्ड वर्कर व्हिसावर गेलेल्यांच्या जोडीदारासाठी डिपेंडंट व्हिसा असतो. त्याचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे इथले आकडे तिकडे लावू नका.

आधी खर्च. एप्रिल २०२५च्या दराने भारतातून अर्जाची फी १,९३८ पौंड होती. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड. व्हिसा ३३ महिन्यांचा असला तरी अधिभार पूर्ण तीन वर्षांचा, म्हणजे ३,१०५ पौंड. त्या दराने एकूण ५,०४३ पौंड आगाऊ भरावे लागत. नकार आला तर अधिभार परत मिळतो, फी मिळत नाही. एवढ्या पैशात अर्ज तपासणाऱ्याशी एकदा बोलता यावं, एवढी अपेक्षा रास्त आहे. तशी सोय नाही, हा या सेवेचा सगळ्यात मोठा दोष.

ऑनलाइन फॉर्म मात्र चांगला आहे. अर्धवट भरून ठेवता येतो, भाषाही सरळ आहे. फक्त एका प्रश्नावर थांबा: आजवर कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का? दहा वर्षांपूर्वी अमेरिकेचा पर्यटक व्हिसा नाकारला असेल तरी तो लिहायचा. जुना नकार सांगितल्याने सहसा बिघडत नाही. लपवलेला सापडला तर फसवणुकीचा शेरा बसतो आणि पुढच्या प्रत्येक अर्जात तो आडवा येतो.

बायोमेट्रिकसाठी व्हीएफएस या व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात जावं लागतं. बोटांचे ठसे आणि फोटो, काम तेवढंच. निर्णय तिथे होत नाही, त्यामुळे लाउंजसारख्या जादा सेवांनी अर्ज बळकट होत नाही. कागद घरीच नीट स्कॅन करून अपलोड करा. नेहमीचा निर्णय साधारण १२ आठवड्यांत येतो. ५०० पौंडांच्या प्रायॉरिटी (जलद) सेवेत ३० कामकाजाचे दिवस धरतात, पण अर्ज गुंतागुंतीचा निघाला तर तेही पाळले जातील असं नाही.

खरी परीक्षा उत्पन्नाची. ११ एप्रिल २०२४पासून वर्षाला २९,००० पौंड लागतात. त्याआधी १८,६०० होते. यात स्पॉन्सरचं, म्हणजे ब्रिटनमधल्या जोडीदाराचं उत्पन्न धरतात. अर्जदाराचा भारतातला पगार कितीही गलेलठ्ठ असला तरी मोजत नाहीत, आणि सासरच्यांनी ‘आम्ही सांभाळू’ असं लिहून दिलेलं पत्रही चालत नाही. स्पॉन्सरला पीआयपीसारखा अपंगत्वाचा भत्ता मिळत असेल तर मात्र हा आकडा लागू होत नाही, तिथे वेगळी कसोटी आहे.

स्पॉन्सर एकाच नोकरीत सहा महिने किंवा जास्त असेल तर सहा महिन्यांच्या पे-स्लिप, त्याच सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट आणि कंपनीचं पत्र द्यायचं. पत्रात चार गोष्टी हव्यात: वार्षिक ढोबळ पगार, नोकरी कधीपासून, हा पगार कधीपासून आणि नोकरी कोणत्या प्रकारची. त्या सहा महिन्यांतला सगळ्यात कमी पगार धरून वर्षाचा हिशेब होतो. म्हणून मागच्याच महिन्यात २९,०००ची बढती मिळाली असेल तर घाई करू नका. नोकरी सहा महिन्यांपेक्षा कमी असेल तर आताच्या पगाराबरोबर मागच्या १२ महिन्यांची प्रत्यक्ष कमाईही तेवढी दाखवावी लागते. शेवटची स्लिप आणि स्टेटमेंट अर्जाच्या तारखेआधीच्या २८ दिवसांतली हवी. अपॉइंटमेंटची तारीख इथे धरत नाहीत, ऑनलाइन अर्ज सादर केल्याची तारीख धरतात. पुष्कळजण नेमके इथेच चुकतात.

उत्पन्न कमी पडत असेल तर बचत जोडता येते. पहिले १६,००० पौंड सोडून द्यायचे, उरलेल्या रकमेला अडीचने भागायचं; जे येईल तेवढं वार्षिक उत्पन्नात धरतात. पगार २५,००० असेल तर तूट ४,०००ची, म्हणून बचत २६,००० पौंड लागेल. पगारच नसेल तर ८८,५००. ही रक्कम सहा महिने स्पॉन्सरच्या, अर्जदाराच्या किंवा दोघांच्या ताब्यात असावी. मुदतठेव चालते, दंड भरून का होईना ती लगेच मोडता आली पाहिजे. वडिलांनी बक्षीस दिलेले पैसे चालतात, उसने चालत नाहीत. स्वयंरोजगाराच्या उत्पन्नाला मात्र बचतीची जोड देता येत नाही.

इंग्रजीसाठी आयईएल्टीएस लाइफ स्किल्स ए१ पुरते. साधी आयईएल्टीएस चालत नाही, आणि शाळा इंग्रजी माध्यमाची होती हा पुरावा होत नाही. इंग्रजीतून घेतलेली पदवी चालते, पण तिला एक्टिस या परदेशी पदव्या पडताळणाऱ्या ब्रिटिश संस्थेचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त दवाखान्यातच करायची, तिचा दाखला सहा महिने चालतो.

मराठी कुटुंबांत हमखास घोटाळा होतो नावांचा. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर माहेरचं नाव, बँकेत नवऱ्याचं. अधिकाऱ्याला ही तीन वेगळी माणसं वाटू शकतात. राजपत्रातली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र जोडा आणि सोबतच्या पत्रात दोन ओळींत खुलासा करा. लग्नपत्रिका, मराठीतले चॅट, दाखले यांची भाषांतरं हवीत, खाली भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि संपर्क. शेकडो पानांचे चॅट टाकण्यापेक्षा दर महिन्याचं एखादं पान, प्रवासाची तिकिटं आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांसोबतचे फोटो अधिक बोलतात. लग्न ठरवून झालेलं असेल तर ओळख कशी झाली, पहिली भेट कधी, ठरलं कधी, हे तारखांसह लिहा.

आता नकार आला तर. पत्रातलं कारण वाचून मगच पुढचं ठरवा. पे-स्लिप राहिली, पत्रात एक ओळ कमी होती, इंग्रजीची परीक्षा चुकीची निघाली, अशा वेळी नवा अर्ज बरा. थांबायची सक्ती नाही, मात्र फी पुन्हा पूर्ण. राहिलेला कागद मागवून घेण्याची मुभा अधिकाऱ्याला आहे, पण बंधन नाही, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका.

नातं खरं नाही किंवा कागद खोटे आहेत असं म्हटलं असेल तर अपील करा. नव्या अर्जात तोच संशय पुन्हा समोर येतो. भारतातून अपिलाची मुदत निर्णय मिळाल्यापासून २८ दिवस. कागदांवरच्या निकालाला ८० पौंड, सुनावणीला १४०. साक्षीचा प्रश्न असेल तर सुनावणीच घ्या, स्पॉन्सर समोर बोलला की फरक पडतो. अपील गेल्यावर होम ऑफिस (ब्रिटनचं गृहखातं) प्रकरण पुन्हा बघतं आणि कधी निर्णय मागे घेतं. पण वेळ महिनोन्‌महिने जाऊ शकतो, याची तयारी ठेवा.

सल्लागार नेमायचा तर तो सॉलिसिटर आहे की इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटी या ब्रिटिश नियामक संस्थेकडे नोंदलेला, हे आधी तपासा. ‘शंभर टक्के गॅरंटी’ देणाऱ्याकडे जाऊ नका. निर्णय त्याच्या हातात नसतो. आणि आईवडिलांना कायमचं नेण्याची वाट याच फॉर्मच्या शेजारी दिसते म्हणून तीही अशीच असेल असं समजू नका. तिथे रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते आणि ती काळजी पैसे देऊनही भारतात मिळत नाही, हे सिद्ध करावं लागतं. वैद्यकीय कागद भक्कम नसतील तर त्या अर्जावर पैसे घालू नयेत.