साडेसात टक्के सांगून १३.३ टक्क्यांचं कर्ज गळ्यात मारलं

दसऱ्याच्या मुहूर्तावर आम्ही घरासाठी सात आसनी गाडी घेतली. त्या गाडीच्या कर्जापायी पाच वर्षांत, बँकेच्या कर्जापेक्षा, आमचे १,७०,१०० रुपये जादा जाणार आहेत. गाडीत खोट नाही, किंमतही ठरल्याप्रमाणेच लागली. लुटलं ते शोरूमच्या कोपऱ्यातल्या फायनान्सच्या टेबलावर. तक्रार चालू आहे म्हणून शोरूमचं आणि फायनान्स कंपनीचं नाव लिहीत नाही. पद्धत लिहितो, ती नावापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आम्ही घाईगडबडीत गाडी घेतलेली नाही, हे आधी सांगतो. घरात अण्णा, आई, आम्ही दोघं आणि दोन पोरं. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे उंच पायरीची गाडी पहिल्याच दिवशी बाद केली. एर्टिगा, कारेन्स, ट्रायबर तिन्ही बघितल्या. अण्णांना प्रत्येक गाडीच्या तिसऱ्या रांगेत बसवून पाहिलं, मधली सीट सरकवून त्यांना आत-बाहेर करता येतं का ते पाहिलं. तिसरी रांग उघडी असली की पंढरपूरला जाताना सहा जणांचं सामान कुठे ठेवायचं, हा प्रश्न सगळीकडेच होता. सीएनजीच्या टाकीने डिकीतली उरलीसुरली जागाही जाते, म्हणून पेट्रोल ठरवलं. सहा एअरबॅग हव्यातच, यावर बायको अडून बसली आणि तेही पाळलं. ऑनरोड ११,५०,००० रुपये. त्यातले ३,५०,००० आमचे, बाकी ८,००,००० कर्ज. एवढा सगळा हिशेब घरात वहीवर लिहून मगच आम्ही बुकिंग केलं होतं.

बँकेतही जाऊन आलो होतो. आमचं पगाराचं खातं असलेल्या बँकेने ९.२५ टक्के दर सांगितला होता. आठ लाखांना पाच वर्षांसाठी हप्ता १६,७०४ रुपये. सिबिल चांगला होता, कागदपत्रं तयार होती. बँकेचं म्हणणं एवढंच, की सणाची गर्दी आहे, मंजुरीला थोडे दिवस लागतील.

तिथेच शोरूमवाल्यांनी आम्हाला गाठलं. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्याच दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि शोरूममध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. फायनान्सवाला पोरगा म्हणाला, "सर, बँकेच्या डीओची (गाडी सोडण्यासाठी बँक शोरूमला देते त्या पत्राची) वाट बघाल तर दसऱ्याची डिलिव्हरी विसरा. आपल्याकडे साडेसात टक्के आहे, आजच मंजूर करून देतो." त्याने मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये आमच्यासमोर ८,००,०००, ७.५ आणि ६० महिने टाकले. हप्ता आला १६,०३०. बँकेपेक्षा महिन्याला पावणेसातशे रुपये कमी. मला सांगा, यात संशय घ्यायचा तो कशाचा? आकडा डोळ्यांनी पाहिलेला होता.

तो कॅल्क्युलेटर घटत्या शिलकीवर (रिड्यूसिंग) चालतो, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरतो. कर्ज दिलं ते फ्लॅट दराने. म्हणजे पाच वर्षं पूर्ण रकमेवर व्याज, मधल्या काळात तुम्ही मुद्दल कितीही फेडलेलं असो. 'फ्लॅट' हा शब्द त्याने तोंडातून एकदाही काढला नाही. साडेसात फ्लॅट म्हणजे प्रत्यक्षात १३.३ टक्के होतात. कोणीही दर सांगितला की पहिला प्रश्न हाच विचारा: फ्लॅट की रिड्यूसिंग? आणि उत्तर व्हॉट्सॅपवर लिहून मागा. तोंडी उत्तराला काडीची किंमत नाही.

दसऱ्याच्या दिवशी, २ ऑक्टोबरला, डिलिव्हरी. शोरूमबाहेर झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्यांची रांग. आई गाडीला कुंकू लावत होती, अण्णा नारळ घेऊन उभे. तेवढ्यात तो पोरगा धावत आला, "सर, एक ओटीपी आला असेल, तो सांगा, नाहीतर गेटपास निघणार नाही." फोन बायकोच्या हातात होता. तिने मेसेज वाचला. हप्ता खात्यातून आपोआप वळता करण्याची मंजुरी होती आणि कमाल रक्कम लिहिली होती २०,००० रुपये. तिने तिथल्या तिथे विचारलं, "हप्ता सोळा हजार आहे ना? मग वीस हजार कशाला?" त्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "मॅडम, बाउन्स चार्ज वगैरे धरून लिमिट नेहमी जास्तच ठेवतात. कटणार सोळाच."

तो क्षण डोक्यातून जात नाही. बायकोचा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. उत्तरही असं, की निम्मं खरं: अशी मर्यादा हप्त्यापेक्षा थोडी जास्त ठेवतात, हे बँकेत काम करणारा माणूसही सांगेल. मागे पुढच्या गिऱ्हाइकाची गाडी हॉर्न देत होती, मुहूर्त टळत चालला होता, म्हातारी माणसं उन्हात उभी होती. ही वेळ त्यांनी ठरवूनच निवडलेली असते. कर्जाच्या कागदांवर सह्या डिलिव्हरीच्या दिवशी घेतात, कारण त्या दिवशी कोणी मागे फिरत नाही. तुम्ही फिरा. कर्जाचा शेवटचा ओटीपी गाडीसमोर उभं राहून कधीही देऊ नका.

५ नोव्हेंबरला खात्यातून १९,५३९ रुपये गेले.

कर्जाचा तपशील मिळवायलाच किती खेटे घालावे लागले. कागद ईमेलवर पाठवलेत, असं कंपनी सांगत राहिली. ईमेल आमचा नव्हताच! अर्जात माझ्या नावाला मिळताजुळता, कोणीतरी बनवलेला पत्ता घातला होता. शेवटी शाखेतून छापील प्रत मिळाली. कर्ज आठ लाखांचं नाही, ८,५२,६०० रुपयांचं. त्यात ३४,८०० रुपयांचा कर्जविमा आणि १७,८०० रुपयांची वाढीव वॉरंटी. दोन्ही आम्ही मागितलेली नव्हती आणि दोन्हींवर पाच वर्षं व्याज चालू. एकूण फेड ११,७२,३२५ रुपये. शिवाय शोरूमच्या बिलात हँडलिंग म्हणून ७,५०० वेगळे घेतलेले. गाडीच्या किमतीवर आम्ही तासभर घासाघीस करून १२,००० सोडवून घेतले होते. त्यांनी ते हसत दिले, कारण वसुलीचं टेबल दुसरं होतं. कर्जावर शोरूमला पेआउट, म्हणजे कमिशन, मिळतो. दर जितका चढा, तितका तो मोठा. म्हणून कर्जाचा दर ठरवून, मंजुरीपत्र खिशात घालूनच शोरूमची पायरी चढा.

नियम नाहीत असं नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने प्रत्येक किरकोळ कर्जाला की फॅक्ट स्टेटमेंट सक्तीचं केलं आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर म्हणजे एपीआर, हप्त्यांचं वेळापत्रक, विम्याची रक्कम सगळं लिहावं लागतं. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचं, समजावून सांगायचं आणि विचार करायला किमान तीन कामाचे दिवस द्यायचे. त्यात न लिहिलेला खर्च कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय वसूल करता येत नाही. आमचं ते पत्रक इंग्रजीत, जाडजूड पीडीएफच्या पोटात, त्या बनावट ईमेलवर. आणि कंपनी म्हणते, ओटीपी दिलात म्हणजे वाचलंत.

पुढची टोलवाटोलवी तर फसवणुकीपेक्षा जास्त संताप आणणारी. शोरूमचा मॅनेजर म्हणाला, तो मुलगा नोकरी सोडून गेला, कर्जाशी आमचा संबंध नाही. मग त्याचं टेबल तुमच्या छपराखाली, तुमच्या बोर्डाशेजारी कसं? यावर उत्तर नाही. फायनान्सच्या शाखेत एकच माणूस, तो म्हणे मी फक्त वसुली बघतो, शोरूमला विचारा. कर्ज बंद करतो म्हटलं, तर सहा महिने बंद करता येणार नाही आणि नंतर उरलेल्या मुद्दलावर ५ टक्के दंड, वर जीएसटी. पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी कागद उलटसुलट केला आणि म्हणाले, "सही तुमची, ओटीपी तुमचा, गाडी तुमच्या दारात. फसवणूक कसली? हे दिवाणी प्रकरण आहे." खोटा ईमेल कोणी बनवला एवढं तरी लिहून घ्या म्हटलं. घेतलं नाही. अर्जाची पोच मागितली तर शिक्का आत कपाटात आहे, चावी असलेले हवालदार बंदोबस्ताला गेलेत! कर भरणाऱ्या, हप्ता न चुकवणाऱ्या माणसाला एक पोच मिळू नये? आणि एक हप्ता थकला तर हीच यंत्रणा दुसऱ्या दिवशी दारात उभी राहते.

यातून जे कळलं ते सांगतो. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या, तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाद मागता येते, शोरूमच्या गावी जावं लागत नाही. मुदत दोन वर्षांची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आयुर्विम्याची किंवा आरोग्यविम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, म्हणून कर्जविम्याची पॉलिसी पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. गाडीचा विमा शोरूममधूनच घ्या, अशी सक्ती कोणीही करू शकत नाही.

हप्ता आम्ही थांबवलेला नाही. रागाच्या भरात थांबवूही नका. सिबिल बिघडतो आणि बोट आपल्याकडेच वळतं. कर्जविम्याचे ३४,८०० परत मागणारा अर्ज स्पीड पोस्टाने दिला आहे, पोचपावती आली आहे. कंपनीला दिलेल्या लेखी तक्रारीचे ३० दिवस भरले की बनावट ईमेलचा पुरावा जोडून लोकपालाकडे जाणार आहे. कोणाच्या अर्जातही असाच अनोळखी ईमेल पत्ता घातलेला सापडला, तर तो कागद फाडू नका, जपून ठेवा आणि मला कळवा. ग्राहक आयोगात सगळ्यांचे कागद एकत्र लावता येतील.