सूर्यमालेचा भिंतीवरचा तक्ता: घ्यावा, पण एक चिठ्ठी डकवून

मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. बहुतेक तक्त्यांत नेपच्यून झाला की चौकटच येते, म्हणून अप्पा बळवंत चौकात हा दिसल्यावर लगेच घेतला. यात नेपच्यून निम्म्याच्याही आधी येतो. खालच्या पट्टीवर १, १०, १०० अशा दसपटीच्या खुणा थेट एक लाख खगोलीय एककांपर्यंत जातात (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर). पृथ्वी १ वर, नेपच्यून ३० वर, मग बर्फाळ पिंडांचा कायपर पट्टा आणि अगदी उजवीकडे ऊर्ट मेघाचे, म्हणजे सूर्याभोवती फार दूरवर पसरलेल्या बर्फाळ पिंडांच्या ढगाचे, फिकट ठिपके. एवढ्या एका गोष्टीसाठी पैसे वसूल आहेत.

सौरवाऱ्याचा भागही मन लावून काढलाय. सूर्यापासून सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगानं निघालेले कण बारीक बाणांनी दाखवलेत, आणि ताऱ्यांमधल्या वायूच्या दाबापुढे ते थबकतात ती हेलिओपॉजची रेषा निळी. नासाच्या व्हॉयेजर १ यानानं ती ऑगस्ट २०१२ मध्ये सुमारे १२१ एककांवर ओलांडली, व्हॉयेजर २ नं ५ नोव्हेंबर २०१८ ला ११९ वर. दोन्ही तारखा बरोबर छापल्यात. त्या दिवशी व्हॉयेजर २ वरच्या उपकरणांत सौरवाऱ्याचे कण एकदम घटले आणि बाहेरून येणारे वैश्विक किरण वाढले, हे मी वर्गात फळ्यावर आलेख काढून सांगते. मुलं अगदी गप्प होऊन ऐकतात. (याच यानांवरच्या गाण्यांच्या तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे, तेही मी सांगितल्याशिवाय राहत नाही.)

आता चूक. व्हॉयेजर १ शेजारी ठळक अक्षरांत छापलंय: ‘सूर्यमालेबाहेर’. आठवीतल्या एका मुलीनं ऊर्ट मेघावर बोट ठेवून विचारलं, “बाई, यान बाहेर गेलं, मग हा ढग कुणाचा?” अगदी बरोबर प्रश्न! ढग सूर्याचाच. वारा संपला तरी सूर्याची ओढ संपत नाही. ऊर्ट मेघाच्या आतल्या कडेला पोचायलाच व्हॉयेजर १ ला अजून सुमारे ३०० वर्षं लागतील. ज्या तक्त्यानं दोन्ही हद्दी इतक्या छान दाखवल्या, त्यानंच असं छापावं याचं मला फार वाईट वाटलं. मी त्यावर ‘सौरवाऱ्याच्या बाहेर’ अशी चिठ्ठी डकवली आहे.

दुसरं, निळ्या रेषेला धूमकेतूसारखी लांब शेपटी काढलीय, जणू ते ठरलेलंच आहे. शास्त्रज्ञ मेराव ओफर यांच्या गटानं २०२० मध्ये या सीमेचा क्रॉसाँसारखा (चंद्रकोरीच्या आकाराच्या पावासारखा) आकार मांडला, काही जण तो जवळपास गोल मानतात, आणि नासाचं आयमॅप यान सप्टेंबर २०२५ मध्ये याच सीमेचा नकाशा काढायला निघालं. शेपटी तुटक रेषेनं काढली असती तर मुलांना कळलं असतं की इथं काम चालू आहे.

लॅमिनेशन चकाकतं, खिडकीसमोर लावू नका. ठिपके फिकट आहेत, मागच्या बाकावरून दिसत नाहीत. मुलांना उठवून जवळ न्यावं लागतं.